अस्वलाचे हात मीच शिवले होते

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही. आईला सांगेन सांगेन म्हटलं, ती गेली. देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा मी एवढंच म्हणते की चुकलंमाकलं पोटात घाल — काय चुकलं ते उच्चारत नाही. देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं. असेल. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी मी कशी आहे ते सांगू? नको — मी अशी आहे म्हणून तसं झालं, असं वाटेल तुम्हाला. पण सांगितल्याशिवाय कळायचंही नाही. मी वेंगुर्ल्यात शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. राग माझ्या नाकावर. गिऱ्हाइकाने दोनदा बाही उसवायला लावली तर मी तोंडावर विचारते, दंड काय रोज बदलता गो तुझो? गाडीत कुणी चिकटून उभा राहिला तर कोपर कुठे मारायचं ते मला शाळेत असल्यापासून येतं. बाजारात सगळे म्हणतात, वंदनाच्या वाटेला जाऊ नये. मला त्याचा अभिमान होता. माझी थोरली बहीण अगदी उलट, गाईसारखी गरीब. तिला दिलीय कुडाळच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, ती माणसं अजून तिथेच राहतात.

त्या गावचा शिमगा मोठा. तुम्ही रोंबाट बघितलंय कधी? वाडीवाडीतून ढोलताशे घेऊन माणसं निघतात, त्यांच्यात सोंगं असतात, बांबूच्या सांगाड्यावर उभे केलेले हत्ती-राक्षस असतात, आणि हा सगळा लोंढा बाजारातल्या रस्त्याने देवळासमोरच्या मांडावर जातो. मांड म्हणजे शिमग्याची देवाची जागा. ढोल असा वाजतो की कानाला नाही, बरगडीला कळतं. लोक तोंडावर हात मारून बोंबा ठोकतात. गुलाल, धूळ, घाम, आणि त्यावर काजूच्या दारूचा वास. लांबलांबून टेंपो भरून माणसं बघायला येतात. मीही पाहुणीच — रस्त्याच्या कडेला बायकांत उभी राहणारी. पण खोटं कशाला बोलू, तो ढोल अंगात शिरला की माझे पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. कुणाला तरी ढकलावं, ओरडावं, काहीतरी फोडावं असं वाटायचं. बायकांना असं वाटत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?

आणि सोंगाचा तिथे एक नियम आहे. डोकं चढवलं की त्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. तो अस्वल, तो राक्षस, बस. मांडावर देवापुढे डोकं उतरेपर्यंत त्याला नाव नाही, आणि त्यानेही तोंड उघडायचं नाही. कुणी नावाने हाक मारलीच तर सोंग तिथल्या तिथे मोडलं. नाच थांबतो, लोक बाजूला होतात, डोकं काढून तो माणूस घरी जातो. वर्षभर हसतात त्याला.

त्या वर्षी अस्वल झाला होता दिगू. दिगंबर, ताईचा धाकटा दीर. माझ्याच वयाचा. काजूची बाग सांभाळायचा, भात करायचा, आणि कुणाच्या घरी काही मोडलं की दुरुस्त करायला धावायचा. नुकताच साखरपुडा झाला होता. मुलगी वेंगुर्ल्याकडची, मे महिन्यात लग्न, आणि ती आपल्या मामीबरोबर रोंबाट बघायला येणार होती. म्हणून दिगूला अस्वल जोरदार हवं होतं. दुपारी ओटीवर गोणपाट, काळा रंगवलेला काथ्या, सुतळी असा पसारा मांडून तो माझ्यापुढे बसला. नीट शीव गो, म्हणाला, नाचताना सुटलां तर गाव हसतलो.

ताई आत वडे तळत होती. भावोजी मांडावर गेलेले. मी दाभण घेतला आणि त्याला पायापासून शिवत वर आले. सुतळी संपली तेव्हा मी पिशवीतून निळा नायलॉनचा दोरा काढला — जाळी विणायचा, मी तो जवळ ठेवते, तो तुटत नाही. पंजे उघडे ठेवू काय, मी विचारलं. तो म्हणाला, अस्वलाक बोटां खंय असतत? मग त्याने मुठी वळल्या, मी त्या गोणपाटाच्या पंजांत घातल्या आणि पंजे शिवून बंद केले. मनगटापासून टोकापर्यंत. निळ्या दोऱ्याने. मग कागदाच्या लगद्याचं डोकं चढवण्याआधी त्याला तहान लागली, तर तांब्या मी त्याच्या तोंडाला धरला. हात त्याचे बंद होते. पाणी हनुवटीवरून सांडलं आणि आम्ही दोघं हसलो. मग डोकं चढवलं आणि तेही गळ्याशी शिवून टाकलं. गळ्यात दोर बांधला. दोराचं टोक ज्याच्या हाती लागेल त्याने अस्वलाला नाचवायचं, असा तो खेळ.

बघा, किती वेळ मी शिवणाचंच सांगत बसले.

दुपार कलली तेव्हा बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ताई घरून निघायची होती, मी पुढे आले होते. दोन वाड्यांची रोंबाटं एकदम येऊन भिडली, ढोलवाले एकमेकांवर चढवून वाजवायला लागले, आणि मागून असा लोट आला की आम्ही बायका कडेवरून रस्त्यातच ढकलले गेलो. तेव्हा माझ्या पाठीवर हात पडला. पदराखालून पुढे आला. दाबलं. पाच बोटं — उघडी, घामट, सावकाश. मी काय सांगतेय ते बायकांना कळेल, पुरुषांना कदाचित नाही. मी गर्रकन वळले, आणि माझ्या तोंडाशी अस्वल होतं.

मी मारली. गर्दीत तीन-चार अस्वलं होती, हे कुठलं, आत कोण, काही मनात आलं नाही. सोंगाला नाव नसतं ना. मी पायातली चप्पल काढली आणि त्या कागदी थोबाडावर मारली आणि ओरडले, ह्या मेल्यान माझ्या अंगाक हात लावलो. अशी ओरडले की ढोल थांबला. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, कोणाची गो ही? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले — मला पुरावा द्यायचा होता की काय? मी परत चप्पल उगारली.

आणि त्याने दोन्ही हात तोंडासमोर धरले.

पंजे माझ्या डोळ्यांपुढे आले. मनगटापासून टोकापर्यंत निळा टाका. माझाच. एकही टाका सुटलेला नव्हता.

तर हे आहे ते. चूक म्हणाल तर चूक इथपर्यंत झाली. ती कुणाचीही झाली असती. इथून पुढची चूक नव्हे, इथून पुढचं मी केलेलं आहे. मला त्या क्षणी कळलं की हा दिगू आहे, आणि ह्या हातांना बोटं नाहीत. ते दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं, वर सगळा काथ्या होता, टाका शोधायला शिवणारीचा डोळा लागतो. मला एक शब्द बोलायचा होता. दिगू. एवढंच. हाक मारली असती की नियमाप्रमाणे सोंग मोडलं असतं, माणसं बाजूला झाली असती. मी खोटी पडले असते, तोंडावर आपटले असते, बाजारभर हसं झालं असतं माझं — वंदनानं बहिणीच्या दिराक चप्पल मारली. तेवढंच झालं असतं.

मी चप्पल खाली आणली. जोरात. मग आणखी. आणि ओरडले, मारा तेका.

आतून आवाज आला. कागदाच्या डोक्यातून, दबलेला. त्याने नियम मोडला, तो बोलला. वंदना, मी गो. मला ऐकू आलं. माझ्याशिवाय कुणाला आलं नाही, कारण तोवर पुरुष पुढे झाले होते.

खरं सांगू? सांगायचंच आहे तर सगळं सांगते. मला बरं वाटत होतं. माझ्या एका शब्दावर एवढी माणसं तुटून पडलीत, ह्याने माझ्या अंगात ताकद आली होती. आजवर गाडीत, जत्रेत, मासळी बाजारात जे जे हात माझ्या अंगाला लागले होते त्या सगळ्यांना मी चोपत होते, आणि ज्याला चोपत होते त्याचे हात मी स्वतः बांधलेले होते. हे मला कळत होतं. कळत असताना बरं वाटत होतं. असं होतं माणसाचं? माझं झालं.

त्याच्या गळ्यातला दोर कुणाच्या तरी हाती लागला. त्याने ओढला. अस्वल गुडघ्यावर आलं. लाथा बसायला लागल्या. सोंगांच्या सांगाड्यातले बांबू उपसले कुणी. त्याला डोकं काढता येत नव्हतं, मी ते गळ्याशी शिवलं होतं. दोर सोडवता येत नव्हता. पडताना माणूस हात टेकतो, बोटं पसरून टेकतो — त्याला तेही येत नव्हतं, तो तोंडावर पडायचा. बांबूचं एक टोक डोळ्याच्या भोकातून आत गेलं. ते मी बघितलं. मग जो आवाज आला तो मी कुणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही. डोकं फुटलं, लगदा गळून पडला, आणि रक्ताने भरलेलं तोंड बाहेर आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, अरे, हो तर आपलो दिगू.

तेवढ्यात ताई आली होती. तिने अंग टाकलं त्याच्यावर. गर्दीत समोरच मामीच्या मागे ती मुलगी उभी होती, साखरपुड्यातली. रडत नव्हती. नुसती बघत होती, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

ताई म्हणाली, वंदे, काप, काप हां, तेका श्वास घेवक येना नाय. मी शिवलं, तर मीच कापणार. पिशवीत कात्री होतीच. मी खाली बसले.

तुम्ही असता तर कुठून कापलं असतं? गळ्याकडून ना? माणूस गुदमरतोय. मी मनगटाकडून सुरुवात केली. आधी उजवा पंजा, टाक्यावरून कात्री सरळ चालवत, आणि निळा दोरा ओढून मुठीत घेतला. मग डावा. मग गळा. लोकांना वाटलं, बिचारी, जिने तक्रार केली तीच त्याला सोडवतेय. एक म्हातारा तसं बोललासुद्धा. दोरा मी ब्लाउजमध्ये खोचला. मग ताईच्या परसात, चुलीत घातला. नायलॉन जळताना घाण वास येतो. ताईने विचारलं नाही.

दिगूला गोव्याच्या इस्पितळात नेलं. डावा डोळा गेला. उजवं कोपर मोडलं, ते नीट बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडावर मानकरी बसले. पोलिसात जायचं नाही असं भावोजींनीच ठरवलं होतं — तक्रार द्यायची तर कुणावर, आणि काय तोंडाने? आपल्याच भावाने बाईला हात लावला. पण मुलीच्या मामीबरोबरचं कुणीतरी दिगूसोबत गोव्याला गेलं होतं, त्यांनी निरोप धाडला होता की दिगू शुद्धीवर आल्यापासून एकच म्हणतोय, माझे हात शिवलेले होते. म्हणून मला बोलावलं. मानकरी म्हातारे होते, सभ्य होते. बाय, म्हणाले, तूच शिवलंस ना तां सोंग? मगे सांग, हात बंद होते काय उघडे?

मी घरात मालवणी बोलते, दुकानात बोलते, रागावते तेव्हा बोलते. तिथे मी पुस्तकातल्यासारखं बोलले. म्हटलं, उजवा हात मी मोकळा ठेवला होता. पाणी प्यायला लागतं माणसाला.

कुणी आणखी विचारलं नाही. बहिणीच्या सख्ख्या दिराविरुद्ध बाई कशाला खोटं बोलेल? ताईने खाली मान घातली. मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, झालागेला शिमग्यातला शिमग्यात ठेव महाराजा, आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मीही म्हणाले. म्हण आहे ना, शिमगा जातो, कवित्व राहतं. मे महिन्यात लग्न झालं नाही. मुलीकडून साखरपुड्याची साडी परत आली. त्या मुलीने नंतर सावंतवाडीला लग्न केलं म्हणतात. मारतानाचा व्हिडिओ मोबाईलवर महिनाभर फिरला, त्यात नुसत्या पाठी दिसतात आणि माझा आवाज ऐकू येतो.

पावसाआधी, लग्नाची ठरलेली तारीख उलटायच्या आत, एकदा दिगू माझ्या दुकानात आला होता. आत आला नाही. आत दोन बाया माप द्यायला उभ्या होत्या, त्या घाबरतील म्हणून रस्त्यावरच थांबला. त्या गेल्या तेव्हा उंबऱ्यापर्यंत आला. एक डोळा झाकलेला, हात गळ्यात. मला वाटलं हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, वंदना, माका तुझ्याकडसून काय नको. तू फक्त एकदा थंय मांडार ये आणि सांग, हात शिवलेले होते म्हणान. बाकी मी कोणाक काय बोलूचंय नाय.

तो विनवत नव्हता हो. साधं बोलत होता, जसं कुणी म्हणतं की जाताना एवढा निरोप दे. एवढा साधा माणूस माझ्यासारख्या बाईच्या सत्यावर अवलंबून होता. तेव्हा अजून वेळ होता, मुलीच्या घरीही जाता आलं असतं. मी म्हटलं, माका आठवत नाय. आणि मशीनवर पाय मारला. त्याला पुढे बोलायचं होतं, पण मशीनच्या आवाजात ऐकू येईना. नुसती शिवत राहिले, खाली कापड नव्हतंच. मान वर केली तेव्हा तो गेला होता.

ज्याने खरा हात लावला तो कोण होता, मला आजही माहीत नाही. तो तिथेच असेल, मारणाऱ्यांत असेल. त्याच्यावर मला कधी राग येत नाही. आश्चर्य आहे.

आता तुम्ही विचाराल, मग ताईकडे जातेस काय? जाते. दर वर्षी जाते, आंब्याच्या दिवसांत जाते, गणपतीला जाते. न जाऊन कसं चालेल, लोक विचारतील. आणि त्या घरात एक पद्धत पडली आहे. मी येणार असले की ताई दिगूला आधी सांगते. मला त्रास नको, मला भीती वाटू नये, म्हणून तो स्वतःच्या घरातून बाहेर पडतो आणि बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, जाऊन राहतो, मी परत जाईपर्यंत. त्याने लग्न केलं नाही. त्याला मुलगी दिली नाही कुणी. ताई मला म्हणते, तू काळजी करू नको, मी तेका तुझ्यासमोर येवक देना नाय.

ह्या मे महिन्यात माझी गाडी लवकर पोचली. मी न कळवता ओटीवर चढले. दिगू जेवायला बसला होता, स्वयंपाकघराच्या दाराशी. कुळथाची पिठी, भात, सुकटाची चटणी. डाव्या हाताने जेवतो आता. त्या बाजूचं त्याला दिसत नाही, म्हणून मी आल्याचं त्याला आधी कळलं नाही. ताईने त्याचं नाव घेतलं, हळू. तो वळला, मला बघितलं, आणि घास तसाच ताटात ठेवून उठला. हात धुतला. माझ्यापासून लांब राहील असा भिंतीला घासून गेला, आणि जाताना ताईला म्हणाला, वहिनी, तिका जेवक वाढ, उन्हातसून इली हा.

ताईने त्याचं ताट उचललं, जमीन पुसली आणि त्याच जागी माझं ताट मांडलं. ती म्हणाली, बस, जेव.

मी बसले. पोटभर जेवले.